अशनीच्या वाटीतलं गाव

प्रश्न: मी मेहकरचा निवृत्त शिक्षक. नातीने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. आकाशातून टिपलेलं जर्मनीतलं एक गाव. लाल कौलांची घरं, भोवती पूर्ण वाटोळा तट, मधोमध चर्चचा उंच मनोरा. गावाचं नाव न्योर्डलिंगेन. खाली लिहिलं होतं, ‘हे गाव अशनी पडून झालेल्या खड्ड्यात आहे, म्हणून ते गोल आहे आणि त्याच्या भिंतींत हिरे आहेत.’ आमच्यापासून लोणार जवळच, म्हणून कुतूहल वाटलं. हे खरं आहे का? अशा खड्ड्यात माणसं राहायला गेलीच कशी? त्या गावाचा इतिहास सांगाल का?
ता. क. लोणारच्या तळ्याचं पुढे काय होणार, याचा काही अंदाज तिथे मिळतो का?

उत्तर: गुरुजी, खड्ड्याची गोष्ट खरी, हिऱ्यांचीही खरी. गोलाईचं कारण मात्र चुकलं आहे, आणि ते कुठे चुकलं हे पाहताना गावाचा बराचसा इतिहास हाती लागतो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

खड्ड्याचं नाव रीस. जर्मनीच्या दक्षिणेला, बव्हेरिया राज्यात तो आहे आणि त्याचा व्यास सुमारे 24 किलोमीटर. लोणारचा व्यास पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे रीसच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत लोणारची डझनभर विवरं ओळीने मांडता येतील. इतक्या मोठ्या वाटीत न्योर्डलिंगेनचा तट केवढा? पूर्ण फेरी सुमारे 2.7 किलोमीटर, म्हणजे आरपार अंतर एक किलोमीटरही नाही. शिवाय गाव वाटीच्या मधोमध नाही, नैऋत्येला सरकलेलं आहे. त्याच वाटीत इतर डझनावारी गावं आहेत आणि ती गोल नाहीत.

मग हेच गाव गोल का? दगड महाग, गवंडी महाग आणि रात्रीचा पहारेकरी त्याहून महाग, म्हणून. कमीत कमी लांबीच्या भिंतीत जास्तीत जास्त जमीन सामावायची तर वर्तुळासारखा आकार नाही. तुम्ही वर्गात परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवताना हे कितीदा सांगितलं असेल. सपाट मैदानावरच्या गावाला डोंगरकडा किंवा मोठ्या नदीच्या वळणाप्रमाणे तट वाकवायची गरज नव्हती, त्यामुळे हे गणित तिथे जवळपास जसंच्या तसं जमलं. तट बांधणाऱ्यांना खड्ड्याची कल्पनाच नव्हती. त्यांच्या नजरेला दूरवर टेकड्यांची रांग दिसत असे, एवढंच.

हे न कळणं फार काळ टिकलं. अशनी पडली सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी. तिचा व्यास किलोमीटरभर असावा. माणसं आली त्यानंतर फार उशिरा. वाटीच्या कडेला ओफनेट नावाच्या गुहा आहेत. तिथे 1908 साली आठ हजार वर्षांहून जुन्या, तीसहून अधिक मानवी कवट्या सापडल्या. अंड्यांच्या घरट्यासारख्या रचलेल्या, तांबड्या मातीत माखलेल्या, तोंडं पश्चिमेकडे केलेल्या. सोबत हरणाचे दात आणि शिंपले. कित्येक कवट्यांवर कुऱ्हाडीच्या घावांच्या खुणा आहेत. ही माणसं कोण होती, कुणी मारली, का मारली, यावर आजही वाद चालतो. पण त्यांना पुरणाऱ्यांनी ज्या निगुतीने ती मांडणी केली, तिच्याकडे पाहून माझं मन दरवेळी थबकतं.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन सैन्याने इथे छावणी उभारली. तिच्या आधाराने वस्ती वाढली आणि तिसऱ्या शतकाच्या मध्यावर आलेमानी टोळ्यांच्या रेट्याने ती मोडली. गावाचं नाव कागदावर पहिल्यांदा येतं ते 898 साली. रोमन असोत की आलेमानी, सगळे आले ते जमिनीसाठी. डोंगराळ मुलखात मध्येच अशी सपाट, काळीभोर, पिकाऊ थाळी मिळाली तर शेतकरी दुसरं काय पाहणार?

1215 साली राजा फ्रेडरिक दुसरा याने हे गाव रेगेन्सबुर्गच्या बिशपकडून आपल्याकडे घेतलं. इथून न्योर्डलिंगेन थेट राजाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र नगर झालं. मध्ये कुणी सरदार नाही, बिशप नाही. नगराची सभा स्वतःचे कायदे करी, कर गोळा करी, न्याय देई, वेळ आली तर फाशीही देई. आपल्याकडे अशी स्वायत्त शहरं फारशी झाली नाहीत, त्यामुळे ही व्यवस्था नीट समजून घ्यावी लागते. एका बाजूला तिने व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना मान ताठ ठेवून जगता येईल अशी जागा दिली. दुसऱ्या बाजूला, सभा चुकली तर तिच्या वर दाद मागायला जवळचं असं कुणी नव्हतं. याची किंमत कुणी मोजली ते पुढे येतंच.

1219 सालच्या कागदात इथल्या जत्रेचा उल्लेख सापडतो. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट सणाच्या सुमारास भरणारी ही जत्रा दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या बाजारांत गणली गेली. लोकर, कापड, कातडी, लोखंडी सामान यांचा व्यवहार तिथे चाले. गावाची कमाई या जत्रेवर आणि हातमागावर होती. एगर नावाच्या ओढ्याकाठी कातडी कमावणाऱ्यांचा मोहल्ला होता. त्यांची उंच घरं, वरच्या मजल्यांवर कातडी वाळवायच्या मोकळ्या माच्यांसकट, आजही उभी आहेत. कोष्टी विणत ते लोडन, म्हणजे घोंगडीच्या जातीचं, थंडीपाऊस अडवणारं जाड लोकरी कापड. 1438 साली जत्रेत घोड्यांची शर्यत सुरू झाली आणि तिचं बक्षीस होतं किरमिजी रंगाचं उंची कापड. त्या रंगावरून शर्यतीचं जे नाव पडलं ते आजही चालू आहे.

जुन्या तटाबाहेर कोष्ट्यांची, चांभारांची वस्ती फुगत गेली आणि 1327 साली राजा लुडविगने नवा तट बांधायचा हुकूम दिला. पैसा उभा केला तो दारूवरच्या करातून. नव्या तटाने गावाचं क्षेत्र जवळजवळ चौपट झालं. तुमच्या नातीला ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगा आणि नीट पाहा: बाहेरच्या वर्तुळाच्या आत, रस्त्यांचं आणखी एक लहान वर्तुळ दिसेल. तो जुन्या तटाचा माग. भिंत गेली, पण तिच्या कडेने चालायची वाट तशीच राहिली. पुण्यात कसबा पेठेच्या जुन्या कोटाची जागा अशीच गल्लीबोळांवरून ओळखतात.

नव्या तटाला पाच वेशी. भिंतीवर कौलारू छताखालून पहारेकऱ्याने चालायची वाट आहे, आणि या वाटेने आजही पाय खाली न टेकता गावाची पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. जर्मनीत असा सलग तट दुसऱ्या कुठल्या गावात उरलेला नाही. आतल्या बाजूने भिंतीला पाठ टेकून बसलेली चिमुकली घरंही आहेत. गावच्या शिपायांना आणि गरिबांना ती राहायला मिळत. एक भिंत फुकट मिळाली की तीनच बांधाव्या लागतात, हा हिशेब त्यामागे.

चित्रफितीतला मनोरा सेंट गेओर्ग चर्चचा. चर्चचं काम 1427 ते 1505 असं अठ्ठ्याहत्तर वर्षं चाललं. मनोरा सुमारे 90 मीटर उंच, लोक त्याला लाडाने ‘डानिएल’ म्हणतात. वर जायला 350 पायऱ्या आहेत. तिथे शतकानुशतकं पहारेकरी बसत आला आहे. आग दिसली, शत्रू दिसला की इशारा द्यायचा, हे त्याचं काम. रात्री दहा ते बारा या वेळात दर अर्ध्या तासाला तो अजून वरून हाक घालतो: ‘सो, ग्सेल, सो!’ म्हणजे, ‘बरं का गड्या, बरं!’ या हाकेमागची कथा गाव असं सांगतं. 1440 साली शेजारच्या ओएटिंगेनच्या सरदाराने वेशीवरचे राखणदार फितवले. रात्री वेस नुसती लोटून ठेवलेली होती. एक डुक्कर मोकाट फिरत आलं आणि दाराला अंग घासू लागलं, तसं दार हललं. एका बाईने ते पाहिलं, हाक मारली आणि गाव वाचलं. डुकराचा भाग लोककथेचा. तिला गावाने इतका जीव लावला आहे की आजही तिथे जागोजाग डुकराच्या मूर्ती दिसतात.

हे चर्च ज्या दगडाचं आहे तो गावाजवळच्याच खाणीतला, करड्या रंगाचा, काचेच्या काळपट ठिपक्यांनी भरलेला. या दगडाचं नाव सुएवाइट. पाथरवटांनी तो निवडला कारण तो जवळ होता आणि छिन्नीला मऊ. अशनीच्या आघाताने खालचा खडक वितळला, चुरला, आकाशात उडाला आणि परत खाली पडून घट्ट झाला, तोच हा दगड. त्या प्रचंड दाबाखाली खडकातल्या ग्रॅफाइटचे सूक्ष्म हिरे झाले. ते मिलिमीटरच्या काही दशांशांएवढेसुद्धा क्वचितच भरतात. ते अंगठीत बसवता येत नाहीत आणि नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. पण साऱ्या खड्ड्यात मिळून ते 72 हजार टन असावेत, असा एक अंदाज मांडला गेला आहे. भिंतींत हिरे आहेत हे विधान म्हणून खरं.

आता त्या गोष्टीकडे येतो जी सांगताना जड वाटतं. 1589 ते 1598 या काळात नगरसभेने चेटकिणींचे खटले चालवले. चौतीस बायका आणि एक पुरुष मारले गेले. त्यांत रेबेका लेम्प होती, नगराच्या खजिनदाराची बायको, मुलाबाळांची आई. नवरा गावाबाहेर असताना तिला पकडलं. तुरुंगातून तिने नवऱ्याला पत्रं लिहिली, मुलांनी आईला लिहिलं. ही पत्रं टिकली आहेत. छळ असह्य होऊन ती कबूल झाली आणि 1590 साली तिला जाळलं. गावातला प्रमुख धर्मोपदेशक लुट्झ याने व्यासपीठावरून या खटल्यांविरुद्ध बोलण्याचं धैर्य दाखवलं होतं. सभेने ऐकलं नाही.

मग आली मारिया होल. एका खानावळीची मालकीण, मूळची उल्म शहराच्या मुलखातली. 1593-94 मध्ये तिला बासष्ट वेळा यातना दिल्या गेल्या. ती एकदाही कबूल झाली नाही आणि तिने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. हे दुसरं लक्षात घ्या, गुरुजी. चेटकिणींचे खटले पसरत ते एका बाईने छळाखाली घेतलेल्या चार नावांवरून. त्या चौघींनी आणखी चार घ्यायची. मारियाने ती साखळी स्वतःच्या हाडामांसावर तोडली. उल्म शहराने तिच्या बाजूने रदबदली केली आणि ऑक्टोबर 1594 मध्ये सभेला तिला सोडावं लागलं. त्यानंतर खटल्यांचा जोर ओसरला. ज्या नगराने तिला छळलं त्याच नगरात आज तिच्या नावाचं कारंजं आहे. या गावात जाणाऱ्या कुणालाही मी मनोऱ्याच्या आधी ते कारंजं पाहायला सांगेन.

याच हिशेबात ज्यूंचंही नाव घ्यायला हवं. 1384 साली त्यांची इथे कत्तल झाली, 1507 मध्ये उरलेल्यांना हाकलून दिलं. साडेतीन शतकांनी, 1860 नंतर, ज्यू कुटुंबं पुन्हा इथे राहायला आली, त्यांनी सिनेगॉग बांधलं, आणि नाझी राजवटीत ती वस्ती दुसऱ्यांदा, कायमची संपवली गेली.

सतराव्या शतकाने गावाचं नशीबच फिरवलं. तीस वर्षांचं युद्ध चालू होतं. कॅथलिक सम्राट एका बाजूला, प्रोटेस्टंट राजे आणि त्यांचा पाठीराखा स्वीडन दुसऱ्या. न्योर्डलिंगेन प्रोटेस्टंट. 1634 च्या ऑगस्टमध्ये सम्राटाच्या फौजेने गावाला वेढा घातला. आत शेजारच्या खेड्यांतले निर्वासित भरलेले, धान्य संपत आलेलं आणि त्यात साथ. सुटका करायला गुस्टाफ होर्न आणि वायमारचा बेर्नहार्ड यांच्या हाताखाली स्वीडनची फौज आली. 6 सप्टेंबरला गावाच्या दक्षिणेला आल्बुख टेकडीवर तिची सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश पायदळाशी गाठ पडली. पुन्हा पुन्हा चढाई झाली, पुन्हा पुन्हा ती परतवली गेली. दुपारपर्यंत स्वीडनचं सैन्य मोडलं आणि होर्न कैद झाला. डानिएलवरच्या पहारेकऱ्याला हे सारं दिसत असणार. या पराभवाने युरोपचा तोल ढळला. पुढच्याच वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. म्हणूनच या छोट्या गावाचं नाव इतिहासाच्या प्रत्येक जाड ग्रंथात येतं.

गावाने मात्र खंडणी भरून शरणागती पत्करली. साथ आणि उपासमार यांनी मिळून निम्म्याहून अधिक लोक नेले. मारिया होलही त्याच वर्षी, पंच्याऐंशीच्या घरात, वारली. 1645 मध्ये शेजारच्या आलेरहाइमला पुन्हा एक मोठी लढाई झाली. क्रिस्तोफर फ्रीड्रिख्स या इतिहासकाराने न्योर्डलिंगेनच्या करवह्या वर्षानुवर्षं चाळून 1979 साली एक ग्रंथ लिहिला. कोणाच्या घरी किती मालमत्ता होती, ती कुणाकडे सरकली, हे त्यात पैशापर्यंत दिसतं. युद्धानंतर गरीब कोष्टी श्रीमंत कापडव्यापाऱ्यांच्या कर्जात कसे अडकत गेले, लोकर उधार आणि कापड त्याच सावकाराला विकायची सक्ती, हा भाग वाचताना मला सोलापूर आणि इचलकरंजीच्या मागवाल्यांची जुनी गाऱ्हाणी आठवली.

जत्राही उतरणीला लागली. फ्रांकफुर्ट आणि लाइपत्सिगच्या बाजारांनी गिऱ्हाईक खेचलं. इथे तुमच्या मनात एक प्रश्न यायला हवा: एवढा तट, एवढी जुनी घरं वाचली कशी? उत्तर गावाच्या गरिबीत आहे. पैसा असता तर जुनी घरं पाडून नवी बांधली असती आणि वाढत्या वस्तीने तटही गिळला असता. पर्यटकांना ज्याचं कौतुक वाटतं ते जपलेलं वैभव नाही; दोनशे वर्षं परवडलं नाही म्हणून तसंच राहून गेलेलं गाव आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सुंदर जुनी गावं पाहताना आपण त्यांत राहणाऱ्यांची चणचण विसरतो.

1803 च्या सुमारास स्वायत्तता संपली आणि गाव बव्हेरियात गेलं. एकोणिसाव्या शतकात युरोपभर तट पाडायची लाट आली. मुंबईच्या कोटाच्या भिंतीही त्याच शतकात, 1860 च्या दशकात, पडल्या. न्योर्डलिंगेनलाही पाडकामाचे विचार सुरू झाले होते, पण 1826 मध्ये बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने तटाला हात लावायला मनाई केली. 1849 ला रेल्वे आली, पण स्टेशन तटाबाहेर. पुढचं थोडक्यात: महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत बॉम्ब पडले, चर्चचं नुकसान झालं, जुनं गाव बहुतांशी बचावलं. 1945 साली इथे जन्मलेला गेर्ड म्युलर 1974 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल करून गेला. आज लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास आहे.

आणि खड्डा खड्डा आहे हे कळलं कधी? शंभरेक वर्षं शास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखी समजत होते. 1904 मध्ये एकाने अशनीचा तर्क मांडला, 1936 मध्ये दुसऱ्याने अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विवराशी तुलना केली, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1960 च्या उन्हाळ्यात अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर इथे आला. ओटिंग गावच्या खाणीतले सुएवाइटचे तुकडे त्याने आपला सहकारी एडवर्ड चाओ याला पाठवले. त्यांत कोएसाइट निघालं. गारेच्या दगडाचं हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होतं आणि ज्वालामुखीत जमिनीलगत तेवढा दाब नसतो. प्रश्न मिटला. लोणारचंही असंच झालं. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पुढे दीर्घकाळ तो ज्वालामुखीच मानला गेला, आणि 1970 च्या दशकात आघाताने काच बनलेली खनिजं सापडली तेव्हा अशनीची खात्री पटली. रीसचं खरं रूप कळल्यावर, ऑगस्ट 1970 मध्ये, अंतराळवीर ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल आणि त्यांचे राखीव सहकारी चंद्रावर जाण्यापूर्वी दगड ओळखायला शिकण्यासाठी रीसमध्ये येऊन राहिले होते. 1990 मध्ये एका जुन्या कोठारात खड्ड्याचं संग्रहालय उघडलं. तिथे अपोलो 16 ने आणलेला चंद्रावरचा दगड आहे.

आता तुमचा ता. क. याचं उत्तर मला सगळ्यांत जवळचं वाटतं. आघातानंतर रीसच्या वाटीतही तळं साचलं होतं, आणि त्या तळ्याच्या गाळाचा अभ्यास सांगतो की सुरुवातीला त्याचं पाणी खारं आणि सोड्याचं होतं, आजच्या लोणारसारखं. पुढे लाखो वर्षं ओढ्यांनी गाळ आणला, पाणी गोडसर होत गेलं, गोगलगाईंच्या शंखांचा चुनखडक बनला आणि शेवटी तळं गाळाने भरून आटलं. नंतरच्या हिमयुगांत वाऱ्याने त्यावर बारीक सुपीक माती पसरली. न्योर्डलिंगेनचे शेतकरी आज गहू पेरतात तो या तळ्याच्या जागी. लोणार गाव अजून काठावर आहे आणि न्योर्डलिंगेन आत आहे, यातला फरक एवढाच की तिथल्या वाटीला दीड कोटी वर्षं मिळाली. लोणारला गोमुखाची धार अजून पडते आहे, आणि कड्यांवरून दर पावसाळ्यात उतरणारा गाळ तळाशी थर चढवतो आहे.